टिपेला आकडा नको, नाव द्या

मागच्या अंकात या सदरात मार्कडाउनची ओळख करून दिली होती. साध्या मजकुरातच दोन-चार चिन्हं टाकून मथळा, ठळक अक्षरं, यादी दाखवायची आणि मग पॅनडॉक नावाच्या मोफत प्रोग्रामकडून त्याच फाइलची वर्ड फाइल, ई-पुस्तक किंवा वेबपान करून घ्यायचं, एवढीच ती गोष्ट. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं तळटिपांबद्दल होती. म्हणून हा महिना तळटिपांना.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवत होते. निवृत्तीनंतर आमच्या गावाचा इतिहास लिहायला घेतला. ११२ तळटिपा झाल्या आहेत. आकडे मी हातानेच टाकत गेले. परवा दुसऱ्या प्रकरणात चावडीबद्दलची एक टीप मध्येच घालावी लागली आणि तिथून पुढचा प्रत्येक आकडा बदलत बसले. दोन दिवस गेले, तरी कुठेतरी चूक राहिली आहे असं मनात येतं. नातू म्हणतो, मार्कडाउनमध्ये हा त्रास नाही. तिथे टीप लिहायची कशी?
— एक निवृत्त शिक्षिका, कराड

उत्तर : बाई, नातू बरोबर सांगतोय. आधी एक गोष्ट मात्र स्पष्ट करते. आपोआप क्रमांक लावणारी तळटीप वर्डमध्येही आहे. तुम्ही ती न वापरता आकडे हाताने टाकलेत, म्हणून हे दोन दिवस गेले. तरीही मी तुम्हाला साध्या मजकुराकडेच यायला सांगेन, कारण तुमची फाइल शेवटी छपाईला जाणार. डीटीपी करणारा बहुतेक वेळा मजकूर कॉपी करून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवतो आणि त्यात वर्डच्या तळटिपा मागेच राहतात. मार्कडाउनमधली टीप ही मजकुरातलीच अक्षरं असते. मजकूर जाईल तिथे ती जाते, आणि राहून गेलीच तर डोळ्यांना दिसते.

टिपेचे दोन भाग असतात. एक खूण, जी वाक्यात बसते. दुसरी प्रत्यक्ष टीप, जी स्वतंत्र ओळीवर येते. तुमच्या चावडीचंच उदाहरण घेऊ:

आमच्या गावची चावडी शके १७२५ मध्ये बांधली.[^चावडी] तिच्यासमोरचा पिंपळ त्याहून जुना असल्याचं सांगतात.[^पिंपळ]

[^चावडी]: चावडीच्या चौकटीवर कोरलेला लेख. शके १७२५ म्हणजे इ.स. १८०३-०४.

[^पिंपळ]: ही माहिती कुणी, कुठे आणि कधी सांगितली ते इथे.

चौकटी कंस उघडायचा, लगेच ^ ही टोपी, मग नाव, मग कंस बंद. खाली टीप लिहिताना तेच सगळं पुन्हा लिहायचं आणि कंसाला चिकटून कोलन द्यायचा. दोन टिपांच्या मध्ये एक ओळ कोरी ठेवायची. पॅनडॉक फाइल वाचताना पहिल्या खुणेला १, दुसरीला २ असे आकडे स्वतः लावतो. तुम्ही दिलेलं नाव छापील पानावर कुठेच येत नाही, ते फक्त खूण आणि टीप यांची गाठ घालण्यापुरतं असतं. मध्ये नवी टीप घाला, जुनी काढा, आख्खं प्रकरण उचलून पुढे न्या, आकडे आपोआप जुळतात.

नावाच्या जागी आकडाही चालतो. [^१] लिहिलं तरी काम होतं, आणि बरेच जण तसंच लिहितात. मी ते करू देत नाही. माझ्याकडे संपादनाला येणाऱ्या हस्तलिखितात [^१७] दिसलं की सतरावी टीप कशाबद्दल आहे हे पाहायला मला खाली जावं लागतं. [^चावडी] दिसलं की ते तिथेच कळतं. शिवाय मध्ये टीप घातली की [^१७] छापताना १८ होते. फाइलमध्ये सतरा आणि पुस्तकात अठरा, मग मुद्रितं तपासताना डोकं फिरतं. टिपेला आकडा देणं हे यंत्राचं काम, नाव देणं तुमचं. नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून [^पाटील वाडा] लिहिलंत तर टीप लागणार नाही, [^पाटील-वाडा] लिहा.

नाव ठेवताना टिपेतल्या मजकुराचं ठेवा, साधनाचं नको. समजा कुलकर्ण्यांच्या दप्तरातला आधार तुम्ही पंधरा ठिकाणी दिलाय आणि पंधराही जागी [^कुलकर्णी-दप्तर] ही एकच खूण टाकली. पॅनडॉक ती टीप पंधरा वेळा, पंधरा वेगवेगळ्या क्रमांकांनी, पूर्ण छापेल. म्हणून प्रत्येक जागेची स्वतंत्र टीप करा. [^जोशी-वतन], [^विहिरीचा-वाद] असं काहीही, तुम्हाला ओळखू येईल असं.

टीप ठेवायची कुठे? नियमाने ती फाइलमध्ये कुठेही चालते. फक्त एखाद्या यादीच्या, तक्त्याच्या किंवा अवतरणाच्या पोटात नको. बरेच जण सगळ्या टिपा फाइलच्या तळाशी गोळा करतात. मला ते पटत नाही. ज्या परिच्छेदात खूण आहे त्याच्या लगेच खाली टीप ठेवा. परिच्छेद हलवला की टीप त्याच्याबरोबर जाते, आणि सहा महिन्यांनी वाचताना आधार शेजारीच सापडतो.

आणि खूण शब्दाच्या नेमकी कुठे टाकायची? आपल्या भाषेत विभक्ती शब्दाला चिकटते. 'चावडी[^चावडी]त' असं लिहिलेलं मी पाहिलंय. छापल्यावर 'चावडी', वर बारीक आकडा आणि मग एकटा 'त' असं होतं. प्रत्यय लागून शब्द पुरा होऊ द्या, मग खूण. टीप सगळ्या वाक्याबद्दल असेल तर खूण पूर्णविरामानंतर द्या.

आता एक कळकळीचं सांगणं. तुमच्या पत्राबरोबर आलेल्या चार पानांत 'तत्रैव' (म्हणजे 'आधीच्या टिपेतलंच साधन') नऊ वेळा आहे आणि 'वरील टीप १४ पाहा' दोनदा. हे दोन्ही काढून टाका. यंत्र आकडे सांभाळतं, पण टिपेच्या आतला 'तत्रैव' किंवा हाताने लिहिलेला '१४' त्याला कळत नाही. मधे एक नवी टीप आली की 'तत्रैव' भलत्याच साधनाकडे बोट दाखवायला लागतो आणि छापील पानावर काही चुकलंय असं दिसतसुद्धा नाही.

हे मी सोसलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावाच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. त्यात जात्यावरच्या ओव्या होत्या, आणि प्रत्येक ओवी कुणी सांगितली ते तळटिपेत दिलं होतं. पहिल्या ओवीच्या टिपेत सांगणाऱ्या आजींचं पूर्ण नाव, पुढच्या चार टिपांमध्ये नुसतं 'तत्रैव'. शेवटच्या दिवशी दुसऱ्या एका आजींची ओवी मिळाली आणि ती पहिलीच्या खाली घातली गेली. आकडे मी रात्री बसून नीट केले. 'तत्रैव' तसेच राहिले. छापून आलं तेव्हा पहिल्या आजींच्या चार ओव्या दुसऱ्यांच्या नावावर गेल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. नातसुनेने प्रकाशनाच्या मांडवातच त्यांना पान वाचून दाखवलं. त्या मला एवढंच म्हणाल्या, "बाई, ह्या माझ्या आईच्या होत्या." मी शुद्धिपत्र छापून प्रत्येक प्रतीत चिकटवलं, पण ज्या प्रती मांडवातून घरोघरी गेल्या त्या गेल्या. तेव्हापासून माझ्या हाताखालून 'तत्रैव' पुढे गेलेला नाही. साधनाचं छोटं नाव पुन्हा लिहा: 'कुलकर्णी दप्तर, रुमाल ३'. चार शब्द जास्त होतील, होऊ देत.

तपासायची एक सोपी रीत. तुम्ही ज्या प्रोग्राममध्ये लिहिता त्याच्या शोध-खिडकीत [^ टाका आणि किती वेळा सापडलं ते पाहा. ११२ टिपा, प्रत्येकीची एक खूण, तर आकडा २२४ यायला हवा. मग ]: शोधा, तो ११२ यायला हवा. जुळलं नाही तर कुठेतरी खूण आहे आणि टीप नाही, किंवा उलट. टीप लिहून तिची खूण कुठेच दिली नसेल, किंवा एकच नाव दोन टिपांना पडलं असेल, तर पॅनडॉक फाइल करताना तशी सूचना देतो. ती ओलांडून पुढे जाऊ नका. खूण आहे पण टीप नाही, असं झालं तर छापील मजकुरात [^पिंपळ] ही अक्षरं जशीच्या तशी येतात. म्हणून तयार झालेल्या वर्ड फाइलमध्येही एकदा [^ शोधून घ्या.

प्रश्न : तुम्ही सांगता ती टोपी आणि ते कंस माझ्या मराठी कीबोर्डवर नाहीतच. मी इन्स्क्रिप्टवर टाइप करतो. कसेबसे कंस आणले तरी टीप लागत नाही, सगळं जसंच्या तसं छापलं जातं. माझं काय चुकतंय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : काका, तुमचं चुकत नाही, कीबोर्डची मांडणीच तशी आहे. इन्स्क्रिप्टमध्ये चौकटी कंसाच्या कळांवर 'ड' आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) बसलेत. शिफ्ट धरून ६ दाबलं की इंग्रजीत टोपी येते, इन्स्क्रिप्टमध्ये 'त्र' येतो. कोलनच्या कळीवर 'छ' आहे. म्हणजे तळटिपेला लागणारी चारही चिन्हं मराठीतून गायब. त्यासाठी इंग्रजी कीबोर्डवर जाऊन यावं लागतं. विंडोजमध्ये खिडकीचं चिन्ह असलेली कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते.

टीप न लागण्याचं कारण मात्र बहुधा वेगळं आहे. तुम्ही पाठवलेली फाइल मी मोठी करून पाहिली. तुमच्या ओळी अशा आहेत:

[^वतन]ः पाटीलकीच्या वतनाचा कागद.

कंसानंतर जे दोन ठिपके आहेत तो कोलन नाही, विसर्ग आहे. 'दुःख', 'अंतःकरण' यांतला विसर्ग. कोलन सापडला नाही म्हणून शिफ्ट धरून आडव्या रेघेची कळ दाबलीत, तिथे विसर्ग असतो, आणि दिसायला तेच. काही फाँटमध्ये अशा एकट्या विसर्गाआधी ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं, तुमच्या फाँटमध्ये तेही दिसत नाही. संगणकाला ही दोन वेगळी अक्षरं आहेत. शोध-बदल वापरून ]ः च्या जागी ]: घाला, सगळ्या टिपा एका झटक्यात लागतील.

असाच चकवा आकड्यांचा. वर [^१] आणि खाली [^1] असेल तर ती दोन निराळी नावं धरली जातात आणि गाठ पडत नाही. तिसरा चकवा खास आपला: 'ऱ्या'. यातला अर्धा 'र' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून. दोन, साध्या 'र'ला हलन्त देऊन त्यापुढे जोडणारं एक अदृश्य चिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण खूण तुम्ही एका पद्धतीने आणि टीप मुलाने फोनवर दुसऱ्या पद्धतीने लिहिली, तर [^पायऱ्या] आणि [^पायऱ्या] डोळ्यांना एक आणि यंत्राला दोन असू शकतात. टिपांची नावं साधी ठेवा. 'वतन', 'विहीर', 'चावडी'.

एवढी ये-जा जमणार नसेल तर सरळ उपाय सांगते. लिहिताना खुणेच्या जागी मराठी कीबोर्डवरच तीन आडव्या रेघा आणि नाव लिहीत जा, वेगळ्या फाइलमध्ये टिपा लिहा, आणि रविवारी एकदाच बसून सगळ्या खुणा पक्क्या करा. माझ्या ओळखीतले दोघे असंच करतात आणि त्यांची पुस्तकं वेळेवर झाली.

प्रश्न : माझ्या नोंदी एका अ‍ॅपमध्ये आहेत, तिथे तळटिपा छान दिसतात. तीच फाइल दुसरीकडे टाकली की कंस, टोपी सगळं उघडं पडतं. मार्कडाउन एकच आहे ना?
— एम.ए.चा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : नाव एक आहे, पण दर बारा कोसांवर बोली बदलते तसं त्याचं झालंय. जॉन ग्रूबर यांनी २००४ साली मार्कडाउन जाहीर केलं. आरन स्वॉर्ट्झ या तरुणाची त्यांना मदत झाली होती. त्या मूळ मार्कडाउनमध्ये तळटीप नव्हतीच. ग्रूबर यांच्यासमोर वेबवर लिहायचा साधा मजकूर होता, प्रबंध किंवा ग्रंथ नव्हता. तळटिपेची गरज लागली ती अभ्यासकांना. फ्लेचर पेनी यांचं मल्टिमार्कडाउन, मिशेल फोर्टिन यांचं पीएचपी मार्कडाउन एक्स्ट्रा या वाढीव बोलींनी ती आणली. पॅनडॉक लिहिणारे जॉन मॅकफार्लेन हे तर कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी २००६ साली पॅनडॉक आणला. त्यात तळटिपांची इतकी काळजी का घेतली आहे, हे त्यांच्या पेशावरूनच लक्षात येईल. २०१४ साली सगळ्या बोलींना एका नियमात आणायला कॉमनमार्क नावाचा मसुदा निघाला, त्यातही तळटीप नाही. गिटहब या प्रोग्रामर लोकांच्या फाइली ठेवायच्या वेबसाइटने ती २०२१ मध्ये घेतली. म्हणजे जिथे फाइल टाकाल तिथल्या प्रोग्रामला तळटीप येते का, हे पाहावंच लागतं.

पॅनडॉकमध्ये आणखी एक छोटी रीत आहे. टीप वाक्यातच लिहायची: टोपी आधी, कंस नंतर, नावाची गरजच नाही.

वाडा १९६७ च्या भूकंपात पडला.^[कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७.]

एका ओळीच्या टिपेला हे फार सोयीचं. पण गिटहबवर ही रीत चालत नाही, आणि तिच्यात एकाहून जास्त परिच्छेद मावत नाहीत. दोन ठिकाणी फाइल वापरणार असाल तर नाव दिलेली टीपच बरी.

इतर साध्या-मजकूर भाषाही आहेत. अ‍ॅस्कीडॉकमध्ये फुटनोट हा शब्द इंग्रजीत लिहून कोलन द्यायचा आणि चौकटी कंसात टीप भरायची, ती नेहमी वाक्यातच राहते. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये वाक्यात [#]_ आणि खाली .. [#] असं लिहिलं की क्रमांक आपोआप पडतात. प्रबंधासाठी मात्र तुम्ही पॅनडॉकच धरा. तुमचे मार्गदर्शक वर्ड फाइल मागणार, आणि पॅनडॉक करतो त्या वर्ड फाइलमध्ये तळटिपा खऱ्याखुऱ्या, वर्डच्या स्वतःच्या असतात. सरांनी त्यात बदल करून फाइल परत दिली की पॅनडॉक तिची पुन्हा मार्कडाउनही करून देतो. त्या परतीच्या प्रवासात एक गोष्ट हरवते: तुम्ही ठेवलेली नावं जातात आणि १, २, ३ असे आकडे येतात. म्हणून मूळ फाइल जपून ठेवा आणि सरांचे बदल तिच्यात हाताने उतरवा.

प्रश्न : तळटिपेत आख्खी ओवी द्यायची आहे. दुसरी ओळ टिपेबाहेर पडते आणि मजकुरात मिसळते.
— लोकगीतं गोळा करणारी एक वाचक, अकोले

उत्तर : ताई, टिपेतल्या पहिल्या परिच्छेदानंतर जे काही टिपेतच राहायला हवं, त्याच्या प्रत्येक ओळीआधी चार मोकळ्या जागा सोडा. ओळ अशी आत घेतली की पॅनडॉकला कळतं, हे अजून टिपेचंच आहे. ओव्यांच्या ओळी मोडू नयेत म्हणून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला उभी रेघ द्या. मासल्याला मीच जुळवलेल्या दोन ओळी घेते:

[^दळण]: दळताना म्हटलेली ओवी. सांगणारीने ती आईकडून घेतली.

    | दळण सरलं बाई, पीठ राहिलं सुपाला
    | सांगते आईचं नाव, बंधू आला गं दाराला

    दुसरी ओळ शेजारच्या गावात वेगळी म्हणतात.

मधल्या कोऱ्या ओळी गाळू नका. फोनवर टॅबची कळ नसते, तिथे चार वेळा स्पेस दाबा. आणि उभी रेघ दिल्यावर तिच्यापुढे एक जागा हवी.

सांगणाऱ्या बाईचं नाव तिला विचारूनच छापा. तिने होकार दिला असेल तर प्रत्येक ओवीच्या टिपेत ते पूर्ण लिहा, वर कराडच्या बाईंना सांगितलं त्याच कारणाने.

प्रश्न : आकडे १, २, ३ असे देवनागरीत येतील का? पॅनडॉक इंग्रजी आकडे टाकतो.
— एक प्रकाशक, पुणे

उत्तर : वर्ड फाइल करून घ्या आणि वर्डमध्येच तळटिपांच्या क्रमांकाचा प्रकार बदला. सगळ्या टिपांना एकदाच लागतो. यादीत देवनागरी आकडे दिसत नसतील तर भाषांच्या सेटिंगमध्ये हिंदी जोडून पुन्हा पाहा.

वेबपानाचं वेगळं आहे. तिथे टिपांची यादी खाली क्रमाने लागते आणि वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये देवनागरी क्रमांकाची सोय आहे, म्हणून यादीतले आकडे सहज बदलतात. पण वाक्यातली बारीक खूण म्हणजे पॅनडॉकने लिहिलेलं अक्षरच असतं, ती इंग्रजीच राहते. वर इंग्रजी ३ आणि खाली मराठी ३ असं पान वाचकासमोर ठेवू नका. दोन्ही बदलता येत नसतील तर दोन्ही इंग्रजी राहू द्या.